बंद खोलीतली आग आणि न दिसणारा वायू: थंडीच्या दिवसांत कार्बन मोनॉक्साइडपासून कसं जपायचं

थंडी वाढली की एक बातमी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शहरातून येते. अंघोळीला गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही, घरच्यांनी हाका मारल्या, शेवटी दार तोडलं, तर ती आत निपचित पडलेली. किंवा खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही. २०२० च्या जानेवारीत नेपाळमधल्या दामन इथे केरळहून गेलेले आठ पर्यटक, त्यांत चार लहान मुलं, गॅस हीटर लावून एका खोलीत झोपले आणि आठही जण दगावले. दारं-खिडक्या आतून बंद होत्या.

अशी बातमी वाचली की डोळ्यांसमोर धूर, ठसका, दाराकडे घेतलेली धाव असं काहीतरी येतं. प्रत्यक्षात यातलं बहुतेक वेळा काहीच घडलेलं नसतं. धूर नसतो, वास नसतो, खोकलाही येत नाही. ज्या वायूमुळे हे होतं त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड. तो कसा तयार होतो आणि शरीरात काय करतो हे एकदा समजलं, तर घरात कोणती गोष्ट कुठे ठेवायची हे कुणी सांगावं लागत नाही. म्हणून आधी थोडं रसायनशास्त्र.

जळण अर्धवट राहिलं की

गॅस, लाकूड, कोळसा, पेट्रोल, डिझेल, रॉकेल या सगळ्यांत कार्बन असतो. जळताना कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळाले की कार्बन डायऑक्साइड बनतो. आपण उच्छ्वासातून सोडतो तोच हा वायू. पण हवा अपुरी पडली, बर्नर मळलेला असला किंवा ज्योत थंड पृष्ठभागावर आदळून विझू लागली, तर कार्बनच्या वाट्याला ऑक्सिजनचा एकच अणू येतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

म्हणजे इंधन जाळणारं प्रत्येक साधन हा वायू सोडू शकतं. विजेवर चालणारा हीटर किंवा गीझर सोडत नाही. त्यांचे धोके वेगळे आहेत, शॉक लागण्याचे आणि आगीचे. या लेखात ते बाजूला ठेवतो.

रक्तात नेमकं काय बिघडतं

फुप्फुसातला ऑक्सिजन शरीरभर पोचवण्याचं काम रक्तातलं हिमोग्लोबिन करतं. हिमोग्लोबिन म्हणजे सतत फेऱ्या मारणारी बस असं धरू. ऑक्सिजन हा चांगला प्रवासी: फुप्फुसाच्या थांब्यावर चढतो, मेंदूच्या किंवा हृदयाच्या थांब्यावर उतरतो, जागा मोकळी करून देतो. कार्बन मोनॉक्साइड त्याच सीटवर बसतो आणि उठतच नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. शिवाय तो बसला की शेजारच्या सीटवरच्या ऑक्सिजनलाही उतरणं जड जातं. बस भरलेली दिसते, फेऱ्याही चालू असतात, पण थांब्यावर कुणी उतरत नाही.

दोनशे पट म्हणजे किती, हे एका हिशोबातून कळतं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. त्याच्याशी बरोबरीनं स्पर्धा करायला कार्बन मोनॉक्साइड हवेत ०.१ टक्का, म्हणजे हजारात एक भाग असला तरी पुरतो. अशा हवेत माणूस पुरेसा वेळ राहिला तर त्याचं साधारण निम्मं हिमोग्लोबिन निकामी होतं. हजारात एक भाग एवढा वायू डोळ्यांना, नाकाला, घशाला, कशालाच जाणवत नाही.

हवेतलं हे प्रमाण पीपीएममध्ये मोजतात. एक पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. ढोबळ मानानं, ८०० पीपीएम हवेत पाऊण तासात डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू होते आणि दोन-तीन तासांत मृत्यू येऊ शकतो. प्रमाण १२,८०० पीपीएमवर गेलं तर एक ते तीन मिनिटंच हातात असतात. वायू किती आहे याइतकंच त्यात किती वेळ काढला हेही महत्त्वाचं. रात्रीच्या झोपेत कमी प्रमाणही जीव घेतं ते यामुळेच.

मग शरीर ओरडून का सांगत नाही?

या वायूबद्दल लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच असेल, तर ती ही.

आपला जीव गुदमरतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. श्वास रोखून धरला की काही क्षणांत होणारी तगमग त्याचीच. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत श्वास नेहमीसारखा चालू असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, त्यामुळे ती तगमग होतच नाही. ऑक्सिजनची टंचाई आधी जाणवते ती मेंदूला, आणि ‘काहीतरी चुकतंय, बाहेर पड’ हा निर्णय ज्यानं घ्यायचा तो मेंदूच मंदावतो. माणसाला थकल्यासारखं वाटतं. थोडं पडावंसं वाटतं. आणि तो पडतो.

ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात हा वायू स्वतः हुंगून आपल्यावर होणारे परिणाम नोंदवले होते. रक्तातलं निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन व्यापलं गेलं तेव्हा त्यांना आधाराशिवाय चालता येईना. १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. हॉल्डेन यांनी तपासून दाखवलं की बहुतेक कामगार स्फोटाच्या तडाख्यानं नव्हे, तर नंतर पसरलेल्या याच वायूनं मेले. पुढे खाणीत पिंजऱ्यातले छोटे पक्षी नेण्याची पद्धत त्यांच्याच सल्ल्यानं रूढ झाली, कारण पक्ष्याचा श्वासोच्छ्वास जलद असतो आणि तो माणसाच्या आधी कोसळतो. ब्रिटनमध्ये हे पक्षी १९८६ पर्यंत वापरात होते. अंगमेहनत करणाऱ्या, अनुभवी खाणकामगारांनाही हा वायू स्वतःहून ओळखता येत नव्हता. झोपेत असलेल्या किंवा अंगावर गरम पाणी घेणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षा कशी करायची?

कुणाला शंका आली तरी उठून उभं राहताना स्नायूंची ऑक्सिजनची मागणी वाढते. ती भागवायला रक्तात काही उरलेलं नसतं. पाय गळतात आणि माणूस दारापाशी कोसळतो.

गॅस गीझर आणि अंघोळीची दहा मिनिटं

गॅस गीझरच्या बाबतीत लोकांना पटत नाही ते हे, की एवढ्याशा वेळात एवढं कसं बिघडेल. त्यासाठी ढोबळ गणित करून पाहू.

दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, अडीच मीटर उंच बाथरूम धरा. त्यात साडेसात घनमीटर हवा मावते. पाणी वाहतं तसं तापवणारा छोटा गॅस गीझर सुमारे १० किलोवॉट उष्णता देतो. त्यासाठी तासाला पाऊण किलोच्या आसपास गॅस जळतो, आणि तेवढा गॅस नीट जळायला साधारण १० घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीत गीझर पावणेदोन घनमीटरच्या जवळपास हवा वापरतो. खोलीतल्या ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा संपला. फटी-झरोक्यातून थोडी हवा येत राहते, पण जिथे कुठूनच येत नाही तिथे ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून सतराच्या खाली उतरतो. ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत बिघडू लागते; सुरक्षा सेन्सर असलेले हीटर याच सुमाराला आपोआप बंद होतात. त्याच्याही खाली गेलेल्या हवेत जळणारी ज्योत कार्बन मोनॉक्साइड भराभर सोडते. ज्योतीतून निघालेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड पुन्हा बर्नरमध्येच ओढले जातात, त्यामुळे बिघाड वाढतच जातो.

आता दुसरी व्यक्ती लगेच अंघोळीला गेली तर? दार क्षणभर उघडून बंद झालं, हवा पूर्ण बदललीच नाही. दुसऱ्याची सुरुवातच बिघडलेल्या हवेत होते, तिसऱ्याची त्याहून वाईट. पहिल्याला काही झालं नाही याचा अर्थ दुसरा सुरक्षित आहे असा होत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: ज्या गीझरचा धूर पाइपानं घराबाहेर जात नाही, तो बाथरूमच्या आत असूच नये. तो बाहेर, उघड्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. भिंतीतल्या दुहेरी पाइपानं बाहेरचीच हवा घेणारे आणि बाहेरच सोडणारे बंदिस्त गीझरही मिळतात. जुनं यंत्र हलवणं आज शक्य नसेल, तर निदान बादल्या भरेपर्यंत गीझर चालवा, तो बंद करा, दार उघडून हवा बदलू द्या आणि मग अंघोळीला जा. आतून कडी लावली तरी बाहेरून उघडता येईल अशी कडी बसवून घ्या.

‘निखाऱ्यांतून तर धूर येत नाही’

शेगडीबद्दलचा हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. लोक शेगडी आधी बाहेर पेटवतात, धूर जाऊ देतात आणि निखारे लाल झाले की विश्वासानं खोलीत आणतात. धूर म्हणजे न जळलेले बारीक कण आणि डांबरासारखी द्रव्यं. ती गेली म्हणून कार्बन मोनॉक्साइड जात नाही. उलट निखारा म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन. त्याच्या पृष्ठभागावर तयार झालेला कार्बन डायऑक्साइड तापलेल्या थरातून वर जाताना आणखी कार्बनशी संयोग पावतो आणि त्याचा मोनॉक्साइड होतो. वर ज्योत असेल तर त्यातला काही भाग जळून जातो. रात्री ज्योत मावळते, निखाऱ्यांवर राख चढते, मंद ऊब येत राहते आणि वायू तसाच खोलीत पसरतो. शेगडी शांत आणि निरुपद्रवी दिसते तेव्हाच घरचे झोपलेले असतात.

झोपायच्या खोलीत कोळशाची किंवा लाकडाची शेगडी नको. ती ‘विझल्यावर’ ठेवणंही नको, कारण राखेखालचा निखारा तासन्‌तास जळत राहतो.

‘इतकी वर्षं वापरतोय, कधी काही झालं नाही’

हे खरं असतं, म्हणूनच या म्हणण्याला नीट उत्तर द्यायला हवं. दुर्घटना घडायला काही गोष्टी एकत्र याव्या लागतात: बर्नरवर साचलेली धूळ, पाइपात पक्ष्यानं केलेलं घरटं, थंडीमुळे झरोक्यात कोंबलेला कागद, नेहमीपेक्षा लांबलेली अंघोळ. यातल्या एक-दोन गोष्टी रोजच असतात आणि काही होत नाही. सगळ्या एकाच दिवशी जमल्या की होतं. घरात गेल्या वर्षी नव्या घट्ट बसणाऱ्या खिडक्या लागल्या असतील, तर गीझर तोच असला तरी खोली तीच राहिलेली नाही.

कधी काही झालं नाही हेही तपासून पाहायला हवं. थंडीत अंघोळीनंतर डोकं जड होणं, हीटरच्या खोलीत मळमळणं, हे आपण सर्दीवर किंवा अपुऱ्या झोपेवर ढकलतो. काही खुणा ओळखता येतात. ताप नाही, पण घरातल्या अनेकांचं एकाच वेळी डोकं दुखतंय. बाहेर गेलं की बरं वाटतं, घरात आलं की पुन्हा सुरू. पाळीव प्राणी सुस्त पडलाय. निळ्याऐवजी पिवळी-नारिंगी ज्योत आणि गीझरभोवती काजळी ही आणखी एक खूण. ज्योत निळी असली म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका.

‘गळती असेल तर वास येईलच’

गॅस सिलिंडरची गळती आणि हा वायू या वेगळ्या गोष्टी आहेत. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं, म्हणून गळती कळते. गॅस जळतो तेव्हा ते द्रव्यही जळून जातं. शिवाय स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साठतो, तर कार्बन मोनॉक्साइडचं वजन हवेच्या जवळपास तेवढंच असतं. तो खोलीभर मिसळतो. उंच पलंगावर झोपून किंवा जमिनीवर झोपून त्याच्यापासून सुटका नाही.

‘खिडकी किलकिली आहे, एक्झॉस्ट फॅनही आहे’

हवा खेळायला दोन वाटा लागतात, एक आत येण्याची आणि एक बाहेर जाण्याची. नुसती फट ठेवली आणि वारा नसला, तर फारसं काही बदलत नाही. एक्झॉस्ट फॅनचं तर उलटही होऊ शकतं. दार-खिडकी बंद असताना फॅन खोलीतली हवा ओढतो, तिची जागा घ्यायला हवा कुठून तरी यावीच लागते, आणि गीझरचा धूर बाहेर नेणारा पाइप हीच सर्वांत सोपी वाट असेल तर धूर त्याच पाइपानं परत खोलीत येतो. फॅन हवाच, पण खालच्या बाजूला बाहेरची हवा आत घेणारी, कायम उघडी जाळीही हवी. निखाऱ्यांच्या बाबतीत किती हवा पुरेल याचा अंदाज घरबसल्या बांधता येत नाही, त्यामुळे तिथे खिडकीच्या भरवशावर राहू नये.

वीज गेली तर

२०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीत वीज गेली, तेव्हा लोकांनी उबेसाठी घरात कोळसा पेटवला, गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या, दाराशी जनरेटर लावले. या वायूच्या विषबाधेनं शेकडो जण रुग्णालयात पोचले. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर लांब, धूर खिडक्यांच्या उलट दिशेला जाईल असा ठेवावा. गॅलरी, जिना, तळघर या जागा चालत नाहीत. बंद गॅरेजमध्ये किंवा धुराची नळी बर्फात वा चिखलात बुडालेली असताना गाडी चालू ठेवून आत बसू नये.

‘ऑक्सिमीटर तर ९८ दाखवतोय’

कोविडनंतर अनेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. तो रक्ताच्या रंगावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालच दिसतं, आणि साध्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही. माणूस बेशुद्धीच्या उंबरठ्यावर असताना यंत्र ९८ दाखवू शकतं. या एका आकड्यावर विसंबून घरी थांबू नका. खरं प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीत कळतं.

धुराचा अलार्म असेल तर तोही इथे उपयोगी नाही, त्याला हा वायू समजत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो, आणि इंधन जाळणारं काहीही घरात असेल तर तो घ्यावाच असं मला वाटतं. युरोपीय मानकानुसार असा अलार्म ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजलाच पाहिजे, पण ५० पीपीएमला तो तास ते दीड तासानं वाजतो. हा दोष नव्हे. रक्तात वायू हळूहळू साठतो, त्या वेगाशी हा वेळ जुळवलेला असतो. अलार्म झोपायच्या जागेजवळ, आवाजानं जाग येईल असा लावा. थेट वाफेत किंवा चुलीच्या डोक्यावर नको. त्यातल्या सेन्सरला मुदत असते, ती मागे छापलेली असते. मुदत संपलेला अलार्म बटण दाबल्यावर वाजतोही, कारण ते बटण बहुधा बॅटरी आणि भोंगाच तपासतं.

संशय आला तर

आधी बाहेर. वाटेत हाताला लागलं तर दार-खिडकी उघडा, गीझर किंवा गॅस बंद करा, पण त्यासाठी आत रेंगाळू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, माणसं मोजा, मग ११२ ला फोन करा. आत कुणी कोसळलेलं असेल तर दार सताड उघडून, शक्य तितक्या लवकर ओढून बाहेर काढा. वाचवायला गेलेला माणूस तिथेच कोसळल्याची उदाहरणं कमी नाहीत, म्हणून एकानं आत जाताना दुसरा बाहेर हवाच. श्वास थांबला असेल आणि तुम्हाला येत असेल तर सीपीआर सुरू करा.

बरं वाटू लागलं तरी डॉक्टरांकडे जा आणि सुरुवातीलाच सांगा की खोलीत गीझर, शेगडी किंवा जनरेटर चालू होता. हे सांगितलं नाही तर लक्षणं साध्या पित्तासारखी किंवा फ्लूसारखी दिसतात आणि योग्य तपासणी राहून जाते. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात तेवढं काम होतं. उपचार सोपा आहे, पण तो रुग्णालयातच मिळतो. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर जराही थांबू नका: गर्भाचं हिमोग्लोबिन हा वायू अधिक धरून ठेवतं आणि आईला बरं वाटल्यानंतरही बाळाच्या रक्तातून तो जायला जास्त वेळ लागतो.

घरी आल्यावरही काही आठवडे त्या व्यक्तीकडे लक्ष ठेवा. काहींच्या बाबतीत सगळं ठीक झाल्यासारखं वाटून गेल्यावर, काही दिवसांनी किंवा महिनाभरानंही, विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं, हात थरथरणं किंवा स्वभावात अचानक बदल दिसू लागतो. असं काही जाणवलं तर त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि त्या दिवशीच्या घटनेची तारीख सांगा.